प्रकल्प नोंदी: ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ची सूत्रं आणि बांधणी

७ नोव्हेंबर

सिनॉप्सिस पास झाला एकदाचा. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेची कादंबरी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’, सूत्रं आणि रचना यांचं मूल्यमापन. मॅडमनी मार्जिनमध्ये लाल पेनानं एवढंच लिहिलंय की कथानक सांगत बसू नका, तुमचं मत काय ते लिहा. ऐकायला सोपं वाटतं. दुकानात मिळणारी गाइडं चाळली तर सगळीकडे एकच रेकॉर्ड, ओकोन्क्वो हा शोकनायक, त्याचा स्वभावदोष म्हणजे राग, मग गोरे आले, मग पतन, संपलं. परीक्षेतल्या उत्तराला हे चालतं, अख्ख्या प्रकल्पाला नाही चालत. आणि मला ते पूर्ण पटतही नाही, कारण नुसता तापट माणसाच्या अधोगतीचा मामला असता तर एवढी प्रकरणं सण, लग्न, न्यायनिवाडा, कुस्ती, लहान पोरीचं आजारपण यात कशाला घातली असती त्यानं, कापून टाकली असती की.

सध्या काही ठरवायचं नाही. आधी पूर्ण पुस्तक परत, पेन्सिल घेऊन.

१० नोव्हेंबर

तक्ता करायला घेतला. मोठ्या रजिस्टरमध्ये आडवी पानं, पंचवीस प्रकरणांना पंचवीस ओळी, आणि रकाने असे: कुठे घडतं, किती काळ जातो, ओकोन्क्वो हजर आहे का, कोणता विधी किंवा सभा, आणि शेवटचा ‘आधी कुठे आलंय’. हा शेवटचा रकाना सहज घातला होता पण तोच सगळ्यात भरतोय.

पहिली गोष्ट जी डोळ्यात भरते ती म्हणजे भागांची वाटणी. तीन भाग, पण पहिल्यात १३ प्रकरणं, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ६. म्हणजे अर्ध्याहून बरंच जास्त पुस्तक उमुओफिया गावातच, आणि त्या सगळ्यात एकही गोरा माणूस समोर येत नाही. दुसऱ्या भागात ओकोन्क्वोच्या हद्दपारीची ७ वर्षं सहा प्रकरणांत आटपतात. तिसऱ्यात तर धडाधड, परत आल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात ब्राऊन हा समजूतदार पाद्री मायदेशी जातो, त्याच्या जागी स्मिथ येतो, चर्च पाडलं जातं, सहा पुढारी अडकवले जातात, दंड, सभा, खून, आत्महत्या. वाचताना दम लागतो अक्षरशः.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की पहिला भाग संथ आहे. आहेच. पण मला वाटतं तो मुद्दाम तसा ठेवलाय, आणि माझा प्रकल्प बहुतेक इथेच कुठेतरी आहे, की कोणाला किती जागा मिळाली आणि कोणती गोष्ट कशाशेजारी ठेवली यातूनच ही कादंबरी आपला निवाडा देते, निवेदक स्वतः तोंड उघडत नाही. बघू टिकतं का.

११ नोव्हेंबर

लाईट नव्हती. दोन प्रकरणं झाली मोबाईलच्या टॉर्चवर.

१४ नोव्हेंबर

सातवं प्रकरण. आज फक्त हेच केलं आणि उद्याही हेच पुरेल असं वाटतंय.

आधी क्रम लिहून ठेवते. इकेमेफुना हा दुसऱ्या गावाकडून भरपाई म्हणून आलेला पोरगा, तीन वर्षं ओकोन्क्वोच्या घरी राहून घरचाच झालेला. ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये त्याच्यामागे मागे असतो. न्वोयेला मनातून आईच्या कासवाच्या गोष्टी आवडतात पण बापाला खूश करायला तो लढायांच्या गोष्टी आवडत असल्याचं दाखवतो, हे अगदी दोन वाक्यांत येतं आणि पुढे सगळं त्यावर उभं राहतं. मग टोळधाड. आता आपल्याकडे टोळधाड म्हटलं की पोटात गोळा येतो, इथे लोक नाचतात, कारण ते टोळ खातात, मडक्यात भाजून उन्हात वाळवून पामतेलाबरोबर. आधी एक छोटा थवा येतो, टेहळणीला पाठवल्यासारखा. मग आकाश झाकून टाकणारा. झाडांच्या मोठ्या फांद्या त्यांच्या वजनानं मोडतात.

आणि ओकोन्क्वो दोन्ही पोरांना घेऊन टोळ कुडुमकुडुम चावतोय, ताडी पितोय, घरात सणासारखं वातावरण, तेवढ्यात म्हातारा एझेउदू येतो. त्याला बाहेर बोलावतो आणि सांगतो की देवाचा कौल आलाय, पोराला मारायचं ठरलंय, पण तो तुला बाप म्हणतो, तू त्यात हात घालू नकोस. बस. दुसऱ्या दिवशी पोराला सांगतात की तुला तुझ्या घरी सोडतोय. तो डोक्यावर ताडीचं मडकं घेऊन चालतो. मागचा माणूस घसा खाकरतो, कोयता काढतो, ओकोन्क्वो दुसरीकडे बघतो. मडकं पडून फुटल्याचा आवाज. पोरगा त्याच्याच दिशेनं ओरडत धावतो आणि हा त्याला तोडतो, कारण लोक आपल्याला कमकुवत म्हणतील याची भीती.

हे सगळं एकाच प्रकरणात. टोळांचा आनंद आणि खून यांच्यामध्ये प्रकरण तोडायची सोय होती, तोडलेलं नाही. मी असं लिहिणार की हा निर्णय म्हणजेच टीका आहे, पण त्या समाजावरची सरसकट टीका नाही, कारण नको म्हणणारा एझेउदूही त्याच गावचा आणि कौल मानणारेही त्याच गावचे. पुढच्या प्रकरणात मित्र ओबिएरिका सरळ सांगतो की मी गेलो नसतो, देवानं मारा म्हटलं तरी मीच मारावं असं थोडंच आहे. म्हणजे गावात दुसरं मत होतं, जगायची दुसरी रीत होती. ‘परंपरेनं त्याला भाग पाडलं’ हे वाक्य गाइडात छापून येतं ते या एका संवादानं बाद होतं.

शेवटी न्वोयेच्या आत काहीतरी तुटतं, ताणलेलं धनुष्य तुटावं तसं, आणि त्याला आठवतात जंगलात मडक्यात टाकून दिलेली जुळी मुलं, त्यांचं रडणं. काही वर्षांनी चर्चमध्ये तो जातो ते मिशनऱ्याच्या तर्कामुळे नाही, गाण्यामुळे, आणि या दोन आठवणींमुळे. सोळावं प्रकरण सातव्यातच सुरू झालेलं असतं.

१७ नोव्हेंबर

 

‘आधी कुठे आलंय’ या रकान्यात आज मोठं सापडलं. पंधराव्या प्रकरणात ओबिएरिका हद्दपार मित्राला भेटायला म्बांताला येतो आणि अबामे गावाची हकिकत सांगतो. एक गोरा लोखंडी घोड्यावर बसून आला, म्हणजे सायकल, लोकांनी त्याला मारला, सायकल झाडाला बांधली, कारण कौल असा लागला होता की अजून येणार आहेत, ते टोळ आहेत, पहिला फक्त टेहळणीला आलाय. आणि मग बाजाराच्या दिवशी गावाला घेरून कत्तल.

म्हणजे सातव्या प्रकरणातला छोटा थवा आणि मागून येणारा मोठा, तोच नकाशा. तिथे लोकांनी टोळ आनंदानं खाल्ले होते. शिवाय सातव्यात जुनी माणसं सांगतात की टोळ पिढीतून एकदा येतात, मग सलग ७ वर्षं येतात. ओकोन्क्वोची हद्दपारी किती, ७ वर्षं. आणि याच सात वर्षांत गोरे पसरतात. आकडा योगायोगाचा असेलही, पण मी तो फुटनोटमध्ये न टाकता मुख्य मजकुरात घेणार.

अबामेच्या मागे खरी घटना आहे. १९०५ मध्ये अहियारा भागात डॉ. स्टुअर्ट नावाचा इंग्रज सायकलवरून जाताना मारला गेला आणि ब्रिटिशांनी त्याचा सूड म्हणून मोहीम काढली. हे सूत्रांच्या प्रकरणात घालावं की पार्श्वभूमीत, ठरत नाहीये. पार्श्वभूमीचं प्रकरण मला मुळात नकोच आहे, लोक तिथे वीस पानं इतिहास चिकटवतात आणि कादंबरी बाजूला राहते. जरुरीपुरतं एवढंच: अचेबेचा जन्म १९३० चा, इबादानला शिक्षण, पुस्तक १९५८ ला लंडनच्या हाइनमनकडून आलं, नायजेरिया स्वतंत्र झाला १९६० ला. आणि रचनेच्या दृष्टीनं कामाची गोष्ट ही की पहिला खर्डा खूप मोठा होता, त्यात पुढची पिढीही होती, त्यानं तो फोडला आणि ओकोन्क्वोच्या नातवाची गोष्ट वेगळी कादंबरी म्हणून १९६० ला काढली. मधला मात्र, म्हणजे न्वोये, दोन पुस्तकांच्या फटीत राहिला. बापाला सोडून गेलेल्या त्या मुलाचं पुस्तक झालंच नाही.

१८ नोव्हेंबर

आणखी एक, आठव्या प्रकरणात. गोऱ्यांचा पहिला उल्लेख इथे येतो आणि तो चक्क थट्टेत, ओबिएरिकाकडे मुलीच्या सोयरिकीची बोलणी चाललीयत, गप्पांच्या ओघात कोणीतरी म्हणतं की खडूसारखी पांढरी माणसं असतात म्हणे, त्यावर तिथल्या एका कुष्ठरोग्याचं नाव घेऊन सगळे हसतात. पुढे जे सगळं उलथून टाकणार आहे ते आधी लग्नाच्या बैठकीतला फालतू विनोद म्हणून येऊन जातं. मला हे फार आवडलं. लेखक इथे वाचकाला कोपरानं ढोसत नाही.

२२ नोव्हेंबर

रविवार. बाबा तालमीत वाढलेले, कोल्हापूरच्या मैदानातल्या कुस्त्या अजून तोंडपाठ, म्हणून त्यांना सहावं प्रकरण मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं, मोठ्या मैदानातली कुस्ती, गोल बसलेलं गाव, ढोल, ढोलाच्या ठेक्यावर अंगात आल्यासारखी झालेली पोरं. बाबा खूश. म्हणाले आमच्याकडची हलगीच ही, हलगी थांबली की गडी ढिला पडतो. आणि मग विचारलं, “पुढं ढोल परत कधी वाजतो गं?”

मी तक्ता उघडला. तेरावं प्रकरण ढोलानंच सुरू होतं, रात्री, आणि तो मरणाची बातमी देतो. गेलाय कोण, तर एझेउदू. त्याचं नाव ऐकून ओकोन्क्वोच्या अंगावर शहारा येतो, कारण हा म्हातारा शेवटचा घरी आला होता तो पोराच्या खुनात हात घालू नकोस सांगायला. आणि याच अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटते आणि एझेउदूचा सोळा वर्षांचा मुलगा मरतो. ज्यानं एक पोरगा मारू नकोस म्हणून सांगितलं त्याचाच पोरगा याच्या हातून गेला. कादंबरी कुठेही म्हणत नाही की ही शिक्षा आहे. अपघातच म्हणते. ओबिएरिका तर रात्री बसून विचार करतो की नकळत झालेल्या चुकीला एवढी सजा का, त्याला उत्तर मिळत नाही, उलट स्वतःच्या टाकून दिलेल्या जुळ्यांची आठवण येऊन तो जास्तच गोंधळतो.

सातवं आणि तेरावं ही पहिल्या भागाची दोन बिजागरं, हे नक्की झालं. श्रेय बाबांना. ऋणनिर्देशात नाव टाकते म्हटलं तर म्हणाले टाक, पण ‘पैलवान’ लिही पुढे.

२६ नोव्हेंबर

मॅडमबरोबर मीटिंग. त्यांचं म्हणणं, सूत्रं वेगळ्या प्रकरणात आणि रचना वेगळ्या प्रकरणात घ्या, परीक्षकाला बरं पडतं. मी म्हटलं मॅडम, माझा मुद्दाच हा आहे की दोन्ही वेगळं काढता येत नाही. त्यांनी चष्मा काढून ठेवला (हे चांगलं लक्षण नसतं) आणि म्हणाल्या, “मग एक सूत्र घेऊन करून दाखवा, जमलं तर मी हो म्हणते.”

मी पुरुषपणाचं सूत्र घेतलं आणि तिथेच बोलत बोलत मांडलं. ओकोन्क्वोला बापाची लाज वाटते, उनोका, बासरी वाजवणारा, कर्जबाजारी, बायकी म्हणून हिणवलेला. बायकी जे जे ते टाकायचं हा याचा आयुष्याचा कार्यक्रम. आणि एझेउदूच्या मुलाच्या मृत्यूनंतर गावचा कायदा काय म्हणतो, नकळत झालेला खून हा ‘स्त्री’ जातीचा गुन्हा, त्याची सजा सात वर्षं. जायचं कुठे, तर आईच्या माहेरी. अख्खा दुसरा भाग आजोळी घडतो. तिथे मामा उचेंदू सगळ्या गोतावळ्यासमोर त्याला विचारतो की बाई मेली की तिला नवऱ्याच्या गावात न पुरता माहेरी का नेतात, आणि उमुओफियाच्या एवढ्या मोठ्या माणसाला उत्तर देता येत नाही. मामाच सांगतो, दुःखात माणूस आईकडे येतो. हा ऐकून घेतो, शिकत मात्र काही नाही. तिथे झालेल्या मुलीचं नाव आईच्या थोरवीचं ठेवतो ते निव्वळ आजोळच्यांचा मान राखायला, आणि नंतरच्या मुलाचं नाव रानात जन्मलेला अशा अर्थाचं. म्हणजे सूत्र हे भागांच्या वाटणीतच बसवलंय, वेगळं काढून दाखवायला गेलं तर हाताला भाषणच लागतं.

मॅडम म्हणाल्या ठीक आहे, पण बायकांचं काय, त्यावर तुमचं मत लिहा, नुसतं कौतुक नको.

२८ नोव्हेंबर

बायकांचं. हे अवघड जातंय कारण दोन्ही बाजूंनी पुरावा आहे.

एकीकडे अकरावं प्रकरण. चिएलो ही कौल देणाऱ्या देवाची पुजारीण रात्री ओकोन्क्वोच्या मुलीला, एझिन्माला, पाठीवर घेऊन निघते आणि एक्वेफी, तिची आई, अंधारात मागे मागे चालत राहते. अख्खं प्रकरण आपण आईच्या पावलांबरोबर चालतो. ओकोन्क्वो येतो पण मागाहून, आणि मुख्य म्हणजे त्या रात्री तो नायक नसतो. पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग मला हाच वाटतो, सातव्याइतकाच.

दुसरीकडे, पहिल्या बायकोला नावच नाही. ती शेवटपर्यंत ‘न्वोयेची आई’. तिसरी, ओजिउगो, मुख्यतः लक्षात राहते ती शांततेच्या आठवड्यात मार खाल्ला म्हणून. आणि त्या मारहाणीचा दंड होतो तो देवीचा नियम मोडला म्हणून. नियमाचा आठवडा नसता तर? कादंबरी हा प्रश्न मोठ्यानं विचारत नाही. दहाव्या प्रकरणात मात्र बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचा निवाडा मुखवटे घातलेले पूर्वज करतात, आणि त्या मुखवट्यांमागे कोण आहे हे बायकांना ओळखू येतं (ओकोन्क्वोच्या बायकांना तर त्याची चालच ओळखू येते) पण त्या बोलत नाहीत. इथे लेखकाला सगळं दिसतंय असं वाटतं. न्वोयेच्या आईच्या बाबतीत तसं ठामपणे नाही म्हणता येत मला. मी लिहिणार की जागावाटपाचा जो निकष मी बाकी पुस्तकाला लावला त्याच निकषावर इथे कमी पडतं. सगळंच ‘लेखकाचा हेतू’ म्हणून माफ करायचं असेल तर मूल्यमापन कशाला म्हणायचं त्याला.

स्मिथबद्दलही तसंच. ब्राऊनला अकुन्ना या तिथल्या प्रतिष्ठित माणसाबरोबर देवाधर्मावर बसून बोलायला मिळतं, दोघं एकमेकांना पटवू शकत नाहीत पण ऐकतात तरी. स्मिथ नुसता कडक, काळं आणि पांढरं बघणारा, एका रंगाचा. वेग हवा म्हणून असेल. पण बारीक झालाय तो.

३ डिसेंबर

दोन सभा. दुसऱ्या प्रकरणात रात्री दवंडी, सकाळी बाजारात हजारो पुरुष, एक वक्ता, एक हाक आणि सगळ्यांचा एक आवाज, निर्णय तिथल्या तिथे. चोविसाव्यात परत दवंडी, परत तोच बाजार, पण सभा चालू असताना कोर्टाचा शिपाई येतो आणि सांगतो सभा बंद करा. ओकोन्क्वो त्याचं डोकं उडवतो. बाकीचे शिपाई पळतात आणि लोक त्यांना पळू देतात. कोणीतरी विचारतं, यानं असं का केलं? दुसऱ्या प्रकरणात असा प्रश्न कोणी विचारला नसता.

ही जोडी समोरासमोर ठेवून वाचली की गाव कसं फुटलं ते कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही. आणि गोऱ्यांनी फोडलं एवढंच म्हणूनही भागत नाही, कारण चर्चमध्ये आधी गेले ते जुळी मुलं गमावलेली बाई, अस्पृश्य मानलेले ओसू लोक, न्वोये, म्हणजे ज्यांना गावानंच आधी बाहेर ठेवलं होतं ते. मला वाटतं आपल्याकडच्या वाचकाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

अडकवलेल्या सहा पुढाऱ्यांना सोडवायच्या दंडाचं एक नोंदवून ठेवते, कमिशनर, म्हणजे तिथला गोरा अधिकारी, २०० पोती कवड्या सांगतो, शिपाई गावात जाऊन २५० सांगतात. वरचे पन्नास कुठे गेले ते सांगायला नको.

८ डिसेंबर

शेवट. याच्यावर सगळा प्रकल्प उभा आहे म्हणून हळू गेले.

ओकोन्क्वोनं फास घेतलाय. आत्महत्या हे पाप, गावातली माणसं प्रेताला हात लावू शकत नाहीत, परक्यांनी खाली उतरवायचं, परक्यांनी पुरायचं. तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला उनोका अंग सुजून मेला, तेही देवीला चालत नाही म्हणून त्याला जंगलात नेऊन टाकलं होतं, थडगं नाही. जन्मभर बापासारखं व्हायचं नाही म्हणून झटलेला माणूस मरताना बापाच्याच रांगेत. गाइडांना हे कसं दिसत नाही कळत नाही, ते ‘हमार्शिया’, म्हणजे शोकनायकाचा घातक दोष, शोधत बसतात.

मग ओबिएरिका कमिशनरवर भडकतो, की हा उमुओफियातला मोठ्यातला मोठा माणूस, तुम्ही त्याला मरायला लावलंत आणि आता तो कुत्र्यासारखा पुरला जाणार. पुढे त्याला बोलवत नाही. एक शिपाई उगाचच ‘गप’ म्हणून ओरडतो. आणि मग शेवटचा परिच्छेद आपण एकदम कमिशनरच्या डोक्यात. तो पुस्तक लिहिणार आहे, त्यात या माणसावर एक प्रकरण होईल असं त्याला वाटतं, मग म्हणतो प्रकरण नको, एक बरासा परिच्छेद पुरे, बाकी बरंच काही घ्यायचंय, तपशील कापायला पाहिजेत.

आपण पंचवीस प्रकरणं वाचून आलोय आणि हा एक परिच्छेद देतोय. गंमत अशी की अचेबेनंही त्याला एवढीच जागा दिलीय, पूर्ण पुस्तकात कमिशनरच्या मनात आपण नीट शिरतो ते फक्त इथे, एका परिच्छेदापुरते. तेरा प्रकरणांचा तो संथ पहिला भाग, टोळ, कुस्ती, सोयरीक, आजारी पोर, हे सगळं म्हणजे कमिशनरनं कापलेले तपशील. म्हणून तो भाग लांबला ही तक्रार मी माझ्या प्रकल्पात खोडून काढणार, नाव न घेता, कारण ती आमच्याच रेफरन्समध्ये आहे.

११ डिसेंबर

आराखडा मॅडमना मेल केला. प्रकरण एक, १३-६-६ ची वाटणी आणि काळाचा वेग. दोन, सातवं ते तेरावं. तीन, टोळ, ढोल, दवंडी, सभा, म्हणजे परत परत येणाऱ्या गोष्टी. चार, बायका आणि स्मिथ, म्हणजे जिथे पटत नाही ते. पाच, शेवटचा परिच्छेद. पार्श्वभूमी प्रस्तावनेतच दोन पानांत.

रात्री उत्तर आलं, “चारवर जास्त लिहा. न्वोयेच्या आईला स्वतंत्र उपविभाग द्या.” बरोबर आहे त्यांचं. उद्यापासून तिचे सगळे उल्लेख काढायला घेते, कुठे ती बोलते आणि कुठे नुसती स्वयंपाक पाठवते ते वेगळं करून.